मास्तरांनी बर्फ राखला

“तू निवांत ये. मी असताना अण्णांना काही होत नाही!”

मास्तर फोनवर हे ठणकावून बोलले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की अण्णांना जे काय व्हायचं ते पहाटेच होऊन गेलंय. पलीकडे धाकटी बहीण मुसमुसत होती. तिचं ते बोलण्याकडे लक्ष नव्हतं.

“दादा, मी पोचेपर्यंत थांबवशील ना रे त्यांना? एकदा तोंड बघू दे. मग काय करायचं ते करा.”

“अगं, थांबवशील का म्हणून काय विचारतेस! संध्याकाळपर्यंतचा तर प्रश्न. मी आयुष्यभर शिकवलं काय मग?”

आता मास्तरांनी आयुष्यभर काय शिकवलं, तर स्थायू, द्रव आणि वायू. आठवीचा पहिला धडा. मुलं दरवर्षी बदलली, फळा बदलला, शाळेचा रंग बदलला, पण मास्तरांचा धडा स्वल्पविरामासकट तोच राहिला. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी ‘बर्फ शून्य अंशाला वितळतो’ हे त्यांनी डोळे न उघडता सांगितलं असतं.

धाकटी लग्न होऊन दूरदेशी गेली, त्याला बरीच वर्षं झाली होती. एकदा बाळंतपण आडवं आलं, एकदा नोकरी. येणं काही जमलं नाही. दर रविवारी तिचा फोन यायचा, आणि अण्णा त्याआधी केस विंचरून, स्वच्छ शर्ट घालून बसायचे. “अण्णा, तिला दिसत नाही हो,” असं सांगितलं की म्हणायचे, “मला तर ठाऊक असतं ना!” शेवटच्या आठवड्यात तर दाराची घंटा वाजली की त्यांचा एकच प्रश्न, “ती आली का?” दारात कधी पेपरवाला असायचा, कधी इस्त्रीवाला. अण्णा मान वळवून भिंतीकडे बघत पडायचे. हे सगळं मास्तरांनी पाहिलं होतं, त्यामुळे आता त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. धाकटीला अण्णांचं तोंड दिसलं पाहिजे, आणि ते अण्णांचंच दिसलं पाहिजे.

डॉक्टरांनी साधा मार्ग सुचवला होता. इस्पितळात थंड कप्पे असतात, तिथे ठेवा.

“कप्प्यात?” मास्तर उसळले. “माझ्या बापाला? आणि बहिणीनं येऊन काय नंबर सांगायचा? तीन नंबरचे अण्णा दाखवा म्हणून?”

“अहो, ती माणसं रोजच हे करतात,” बायको हळूच म्हणाली. “त्यांना सवय असते.”

“मलाही सवय आहे! आठवीला पहिलाच धडा आहे!”

यावर बायको गप्प बसली. संसाराची इतकी वर्षं झाल्यावर कधी गप्प बसावं हे तिला चांगलं कळत होतं.

मास्तरांनी कंबर कसली. बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आल्या. कोपऱ्यावरच्या बेकरीतून पत्र्याचे मोठे ट्रे आले. लोखंडी पलंगावरची गादी काढून तिथे ट्रे मांडले, ट्रेंमध्ये लाद्या, लाद्यांवर एक रुंद फळी आणि फळीवर अण्णा. मास्तरांनी चारी बाजूंनी फिरून पाहणी केली, एक ट्रे बोटभर सरकवला आणि समाधानानं मान हलवली. प्रयोगशाळेतली मांडणी जमली की ते असंच करायचे.

“पाणी होईल ना रे त्याचं, बाळ्या?” आत्यानं विचारलं. आत्या म्हणजे अण्णांची बहीण. ती पलंगाशेजारी चटईवर बसली होती आणि मास्तरांना अजून बाळ्याच म्हणत होती, मग समोर शाळेचे मुख्याध्यापक का बसलेले असेनात.

“आत्या, बर्फाचं पाणी झालं की त्याला बर्फापेक्षा कमी जागा लागते,” मास्तर म्हणाले. “म्हणजे ट्रे भरून वाहायचा प्रश्नच येत नाही. साधं शास्त्र आहे.”

शास्त्र बरोबरच होतं. त्यात खोट काढायला जागा नाही! फक्त लाद्या ट्रेच्या काठांवर चांगल्या वीतभर आलेल्या होत्या, आणि ही गोष्ट शास्त्रात कुठे लिहिलेली नव्हती.

माणसं येऊ लागली. येणारा प्रत्येक जण दारात चपला काढायचा, चेहरा लांब करायचा आणि ओल्या फरशीवर पाय पडला की एकदम सावध व्हायचा. बायको मुकाट्यानं फडकं फिरवत होती. फडकं ती बादलीत पिळे, तोवर मागे नवं तळं तयार! मास्तर मात्र दर थोड्या वेळानं अण्णांच्या कपाळाला हात लावून बघायचे. आजारपणात ताप बघायचे अगदी तसाच. हात लावला की क्षणभर त्यांचं तोंड कसनुसं व्हायचं, आणि मग ते घाईघाईनं दुसऱ्या कामाला लागायचे. पहाटेपासून हा माणूस रडलेला नव्हता. रडायला सवड कुठे होती!

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे वकील आले. हातात छत्री. बाहेर तर रखरखीत ऊन पडलेलं.

“फार वाईट झालं,” वकील म्हणाले.

“हो.”

“सज्जन माणूस.”

“हो.”

“शेवटपर्यंत हिंडतेफिरते होते.”

“हो.”

वकिलांनी घसा खाकरला, अण्णांकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. कोर्टात हा माणूस समोरच्याला बोलू देत नसे म्हणे. इथे त्याची जीभ टाळ्याला चिकटली होती.

“काही नाही,” ते शेवटी म्हणाले, “म्हणजे ही वेळ नव्हे. पण आमच्या दिवाणखान्यात गळतंय.”

मास्तरांनी ते मनावर घेतलं. बर्फ भराभर वितळतोय, तेव्हा तो आणखी थंड केला पाहिजे. आणि बर्फ आणखी थंड कसा करतात? आठवीतलं पोरगंही सांगेल! मीठ घालून! मास्तरांनी स्वयंपाकघरातला मिठाचा डबा लाद्यांवर रिता केला, मग शेजाऱ्यांचा, मग वाण्याकडून पोतंच मागवलं. थर्मामीटर लावून बघितला तर पारा खरोखरच शून्याच्या खाली! मास्तरांचा चेहरा उजळला. मुख्याध्यापकांना त्यांनी थर्मामीटर नेऊन दाखवला. मुख्याध्यापक दुःखी चेहऱ्यानं “वा” म्हणाले.

मीठ पडलं की बर्फ जास्त थंड होतो, हे खरं. पण तो थंड होतो तो वितळता वितळता. धड्यात दोन्ही वाक्यं एकाखाली एक आहेत. मास्तरांना वरचं आठवलं. लाद्या अशा काही विरघळायला लागल्या की बघता बघता अण्णांची फळी एका बाजूला कलली, आणि आत्या ओरडली, “बाळ्या, माझा भाऊ उठतोय!”

खोलीत एकच गोंधळ उडाला. दोघं दाराकडे धावले, एक जण पलंगाखाली शिरला. मास्तरांनी फळी धरून ठेवली, बायकोनं फळीखाली आठवी ते दहावीची पुस्तकं सारली, आणि अण्णा पुन्हा समतल झाले.

वकील परत आले. या वेळी सांत्वनाचा भाग त्यांनी थोडक्यात उरकला.

“मास्तर, आता जे गळतंय ना, ते खारट आहे.”

“तुम्ही चाखलंत?”

“चाखलं कसलं! दुपारचा जरा आडवा झालो होतो. तोंड उघडं राहतं माझं.” वकिलांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत चालला होता. त्यांनी अण्णांकडे तिरक्या नजरेनं पाहिलं आणि मास्तरांचा दंड पकडला. “मास्तर, मला खरं सांगा. ते पाणी कसलं आहे?”

“मिठाचं.”

“घ्या शपथ!”

मास्तरांनी शपथ घेतली. वकिलांचं समाधान झालं नाही. जाताना ते जिन्यात बराच वेळ थुंकत होते.

एवढ्यात फोन आला. धाकटी मधल्या विमानतळावर अडकली होती. धुक्यामुळे तिचं विमान सुटत नव्हतं. मास्तरांनी विमान कंपनीला फोन लावला आणि तिथल्या बाईंना झाडलं.

“धुक्यानं विमान थांबतं म्हणजे काय? वाफ ती!”

“दिसत नाही सर समोरचं.”

“बरोबर आहे! म्हणजे ती वाफ नव्हेच. वाफ दिसत नसते. धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब.”

“हो सर. मग थेंबांमुळे उशीर होतोय,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

मास्तर फोन हातात धरून तसेच बसून राहिले. बर्फ निम्म्यावर आला होता. ऊन खिडकीतून थेट पलंगावर सरकलं होतं. आता धाकटी यायला अंधार पडणार, आणि अंधार पडला की अंत्यविधी दुसऱ्या दिवसावर. ‘मी असताना अण्णांना काही होत नाही!’ आपणच बोललेलं वाक्य त्यांच्या कानात घुमायला लागलं. ती येईल, चेहऱ्यावरचं फडकं बाजूला करील, आणि तिला अण्णा ओळखू आले नाहीत तर?

मग त्यांना एकदम आठवलं. संप्लवन! काही पदार्थ वितळतच नाहीत. स्थायूचे थेट वायू होतात. कोरडा बर्फ! पाणी नाही, गळती नाही, वकील नाहीत!

आइस्क्रीमच्या कारखान्यात त्यांचा एक जुना विद्यार्थी होता. त्याला फोन गेला आणि दिवेलागणीच्या सुमारास थर्माकोलचं भलंथोरलं खोकं दारात आलं. त्याबरोबर साध्या बर्फाच्या शेवटच्या लाद्याही आल्या. मास्तरांनी हातमोजे चढवले, लाद्या ट्रेंमध्ये रचल्या आणि कोरड्या बर्फाचे तुकडे सभोवार मांडले. थंडी बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या लावल्या, दार लावलं, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला. खिडक्या लावता लावता त्यांनी खाली वकिलांना ओरडून सांगितलं होतं, “आता एक थेंब पडला तर माझं नाव बदला!”

पांढरा धूर पलंगावरून उतरून फरशीवर पसरायला लागला. सगळी माणसं गळ्यापर्यंत गारठली. दृश्य मोठं गंभीर दिसत होतं. मुख्याध्यापकांना राहवलं नाही आणि ते दोन शब्द बोलायला उभे राहिले.

“अण्णा गेले,” त्यांनी सुरुवात केली, “आणि आज आपल्याला श्वास घेणंही जड जातंय.”

हे अगदी अक्षरशः खरं होतं! सगळ्यात आधी आत्या कलंडली. “भावावर जीव होता हो,” कुणीतरी पुटपुटलं. मग चटईवर बसलेले दोन दूरचे काका एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून गप्प झाले. लोकांना वाटलं, दुःख अनावर झालं. खुर्चीतली माणसं शाबूत आणि खालची माणसं पटापट आडवी होताहेत, हे लक्षात यायला मास्तरांना जरा वेळच लागला. लक्षात आलं तेव्हा मात्र त्यांची पाचावर धारण बसली.

“उठा! सगळे उठा!” ते ओरडले. “हा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो! खाली राहू नका! वर चला, गच्चीवर!”

खिडक्या फाडफाड उघडल्या. आत्याला खुर्चीत घालून वर नेलं. मुख्याध्यापक भाषणाचं उरलेलं वाक्य जिन्यात संपवत चढले. गच्चीवर वारा लागताच आत्यानं डोळे उघडले आणि पहिला प्रश्न केला, “बाळ्या, किती जणांना नेतोयस रे अण्णांबरोबर?”

मास्तर धापा टाकत पुन्हा खाली आले. उरलेला कोरडा बर्फ आधी घराबाहेर काढायला हवा होता. पण घाबरलेल्या माणसाला सरळ काही सुचत नाही. त्यांनी तो गोळा करून न्हाणीघरातल्या पाण्यानं भरलेल्या पिंपात ओतला. एकदाचा संपून जाऊ दे, म्हणून!

पिंपानं आधी एक ढेकर दिला. मग जे पांढरे लोट उसळले ते न्हाणीघरातून बैठकीत, बैठकीतून जिन्यात आणि जिन्यातून थेट रस्त्यावर. खालून कुणीतरी बोंब ठोकली, “आग! आग!” समोरच्या इमारतीतल्या बायका गॅलरीत आल्या. वकील छत्री उघडून रस्त्यावर उभे राहिले. आणि पाचदहा मिनिटांत घंटा घणघणवत अग्निशमन दलाचा बंब दारात!

“आग कुठाय?” बंबावरचा अधिकारी नळी घेऊन वर धावत आला.

“आग नाही,” मास्तर दारात हात पसरून म्हणाले. “बर्फ आहे.”

“धूर कसला मग?”

“धूर नाही. पाण्याचे बारीक थेंब आहेत ते.”

“आत कोण आहे?”

“वडील.”

“मग बाजूला व्हा ना! बाहेर काढू त्यांना!”

“नको हो! त्यांना बाहेर काढायचं नाही! त्यांच्यासाठीच तर सगळं चाललंय!” मास्तर काकुळतीला आले. “ते आधीच गेलेत.”

“कुठे गेलेत?”

नेमकी त्याच वेळी रस्त्यावर एक टॅक्सी येऊन थांबली.

धाकटी उतरली. समोर लाल बंब, दारातून उसळणारा पांढरा लोट, छत्रीखाली वकील आणि वर गच्चीच्या कठड्यावरून वाकून बघणारे सगळे नातेवाईक. तिनं बॅग तिथेच टाकली आणि जिना धावत चढली.

“दादा! काय केलंस रे अण्णांना?”

मास्तर नुसते बाजूला झाले. अधिकारीही नळी खाली ठेवून बाजूला झाला, आणि त्यानं टोपी काढली.

लोट विरळ होत चालला होता. खोली रिकामी, खिडक्या सताड उघड्या, सगळीकडे पाणी, मीठ, फडकी. मधोमध अण्णा. धाकटीनं चेहऱ्यावरचं फडकं काढलं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मग त्यांनी घाबरत घाबरत एक डोळा उघडला. अण्णांच्या भुवयांवर पांढरी साय धरल्यासारखा बर्फ जमला होता. बाकी अण्णा अण्णांसारखेच होते. धाकटी बोटानं हलकेच तो भुवयांवरचा बर्फ पुसत होती.

“अण्णा, मी आले,” ती म्हणाली. मग तिनं त्यांचा हात हातात घेतला आणि एकदम वळली. “दादा, किती गार पडलेत रे! पांघरूण कुठाय यांचं?”

“अगं पांघरूण कसं घालायचं? बर्फ आहे तो. उद्या सकाळपर्यंत टिकवायचाय. कारखाना बंद झाला, आता एक लादी मिळायची नाही! बर्फावर रजई घालतात का कुणी?”

“मला नको सांगूस तुझा बर्फ!” ती कडाडली. “थंडीनं कुडकुडायचे ते. कानटोपी काढत नव्हते उन्हाळ्यातसुद्धा. आणि तू त्यांना असं उघडं ठेवलंस? दिवसभर?”

तिनंच कपाट उघडलं. अण्णांची जाड रजई काढली, वर लोकरीची दोन पांघरुणं काढली आणि अण्णांवर, फळीवर, लाद्यांवर, ट्रेवर सगळीकडून घातली. कडा चारी बाजूंनी आत खोचल्या, पायाशी जरा जास्तच. मास्तर “अगं... अगं...” करत राहिले. बायकोनं त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं आणि हळू आवाजात म्हणाली, “राहू द्या आता.”

सकाळी अंत्यविधीला माणसं जमायच्या आधी वकील वर आले. मास्तर वरच्या पायरीवर बसले होते. वकिलांनी सांत्वनाचं काही म्हटलं नाही, नुसते शेजारी बसले.

“मास्तर, रात्रभर एक थेंब नाही. मी बादल्या लावून ठेवल्या होत्या, कोरड्या ठणठणीत. काय केलंत?”

“मी काही नाही केलं. धाकटीनं पांघरूण घातलं.”

“बर्फावर? पांघरूण?”

“हं. मघाशी उचलून बघितलं. लाद्या जशाच्या तशा आहेत.” मास्तर फरशीकडे बघत सांगत होते. “पांघरूण स्वतः गरम नसतं, वकीलसाहेब. आतली थंडी आत राखतं, बाहेरची उष्णता बाहेर. आठवीलाच आहे. मी दरवर्षी शिकवतो. परीक्षेला हमखास येतो हा प्रश्न.”

“अहो, मग काल सकाळीच का नाही घातलंत?” वकिलांचा आवाज चढला. बिचाऱ्यांच्या छताचा रंग पार गेला होता. “मीठ काय, धूर काय, बंब काय! एवढं सगळं येत होतं तुम्हाला, तर हे कसं नाही सुचलं?”

मास्तरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्यांच्याकडे नेहमी उत्तर असायचं.

“अण्णांना थंडी वाजत असेल,” ते म्हणाले, “हे माझ्या मनातच आलं नाही हो.”

आणि पहाटेपासून, म्हणजे आदल्या दिवशीच्या पहाटेपासून, जे राहून गेलं होतं ते मास्तरांना तिथेच, पायरीवर, वकिलांच्या खांद्यावर डोकं ठेवून करावं लागलं. वकिलांचा इस्त्रीचा शर्ट भिजला. पण या वेळी त्यांनी तक्रार केली नाही.